दोन रेघा

आमच्या घरी सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता जी धांदल उडत असे ती पाहून शेजारच्या वकीलसाहेबांनी एकदा मोठ्या सहानुभूतीने विचारले, "आईंची तब्येत ठीक नाही वाटतं?"

"आई ठीक आहे. मोरोपंतांना इन्शुलिन द्यायचं असतं."

वकीलसाहेब थोडा वेळ माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मोरोपंत हा आमचा बोका आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या गच्चीवरच्या वाळवणावर पंतांनी केलेल्या स्वाऱ्यांवरून आमचे दोनदा बोलणेही झाले होते. "बोक्याला?" ते म्हणाले. मी मान हलवली. "इन्शुलिन?" मी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला. प्राध्यापकांना सरकार फार पगार देते हा त्यांचा जुना सिद्धान्त त्या सुस्काऱ्यात एकदाचा सिद्ध झाला होता.

मोरोपंत हे नाव मीच ठेवले. नऊ वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री आमच्या जिन्याखाली तळहाताएवढे पिल्लू इतक्या दीर्घ आणि इतक्या नियमबद्ध चालीत ओरडत होते, की वर्गात नुकत्याच शिकवलेल्या आर्या मला आठवल्या. आईने नावाला हरकत घेतली. "एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मांजराला ठेवतात का रे?" असे ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच त्याला 'पंत' म्हणू लागली. पंत वाढले ते आईने हाताने कालवलेल्या दूधभातावर. मराठी घरात मांजर आणि दूधभात ही जोडी इतकी जुनी आहे, की ती एकमेकांना मानवते का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नाही. पुढे शस्त्रक्रिया झाल्यावर पंतांनी रात्रीचे हिंडणे सोडले, दुपारची झोप वाढवली आणि साडेसहा किलो वजन कमावले. आम्ही त्याला कौतुकाने बाळसे म्हणत होतो.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत हे बाळसे उतरू लागले. खाणे मात्र दुप्पट झाले होते. पंत ताटलीतले संपवून आमच्या पानांकडे वळत, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मांजर पाणी पिताना दिसावे हेच मुळी नवल. पंत तर न्हाणीघरातल्या बादलीवर ओणवे होऊन गुराने प्यावे तसे पाणी पीत. आणि त्यांची चाल बदलली. मांजर बोटांवर चालते, म्हणून तर त्याचे पाऊल वाजत नाही. पंत मागच्या पायांच्या खोटा जमिनीला टेकवून, एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखे चालू लागले.

त्याच सुमारास घरात मुंग्या झाल्या. संशय प्रथम आईवर गेला. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सहा वर्षांपासून इन्शुलिन चालू आहे. ते ती स्वतःच्या खोलीत, दार लोटून, स्वतःच्या हाताने टोचून घेई, आणि तिच्या या स्वावलंबनाचे आम्ही पाहुण्यांपुढे कौतुक करत असू. पण दोन-तीनदा तिच्या उशाखाली खडीसाखरेची पुडी सापडली होती, आणि पुडीला मुंग्या. चोरून गोड खातेस म्हणून मी तिला चांगले चार शब्द सुनावले होते. तेव्हाही ती काही बोलली नव्हती आणि आताही बोलली नाही. या खेपेच्या मुंग्या मात्र तिच्या खोलीतल्या नव्हत्या. त्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पंत जिथे लघवी करत तिथे रांग धरून चालल्या होत्या.

"काय बघायलास रे तिथं?" आईने विचारले. मी सांगितले. ती जवळ आली, वाकून पाहिले, आणि म्हणाली, "ह्याला माझाच आजार झालाय."

चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मुंग्यांचा उल्लेख आहे. तो माझ्या वाचनात होता, पण ओळखले ते आईने.

आमच्या परभणीला नावे ठेवायची फार जणांना हौस असते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण तर आम्ही परभणीकर स्वतःच पाहुण्यांना ऐकवतो. पण या गावात १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि ज्याच्या घरी आजारी जनावर आहे त्याला त्या एका गोष्टीसाठी परभणीचे बाकी सगळे क्षम्य वाटते. तिथल्या दवाखान्यात आम्ही पंतांना भाजीच्या करंडीत घालून, वरून आईचे जुने लुगडे बांधून नेले. आमच्या पुढे एक लाल कंधारी बैल होता, मागे दोन उस्मानाबादी शेळ्या होत्या. बैलाच्या मालकाने करंडीत डोकावून विचारले, "काय आणलंय, सर?" "बोका आहे. पाणी फार पितो," मी म्हणालो. त्याने आपल्या बैलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि सभ्यपणे विषय बदलला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या, पण त्या खोलीत विद्यार्थी मीच होतो. पंतांची साखर ४१२ निघाली. मला घाम फुटला. पण त्यांनी लगेच निदान केले नाही. मांजर घाबरले की त्याची साखर नुसत्या भीतीने तीनशेच्या वर जाऊ शकते, आणि बैलाशेजारी तासभर बसलेले मांजर घाबरणारच. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइन नावाची दुसरी तपासणी केली. मागच्या दोन-तीन आठवड्यांत साखर सरासरीने कशी होती ते तिच्यावरून कळते. तिला घटकाभराची भीती फसवू शकत नाही. तिचा आकडाही चढाच आला.

मांजराला होणारा मधुमेह बहुधा माणसाच्या उतारवयातल्या मधुमेहासारखाच असतो. अंगावर चरबी चढली की शरीर इन्शुलिनला जुमानत नाही, स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन करून थकते, आणि मग एक चिवट प्रथिन साचून इन्शुलिन करणाऱ्या पेशीच निकामी होऊ लागतात. शस्त्रक्रिया झालेले, घरबशे, लठ्ठ बोके यात आधी सापडतात. मी दूधभाताचे सांगितले तेव्हा बाई हसल्या. "सर, मांजर शंभर टक्के मांसाहारी असतं," त्या म्हणाल्या. "उंदरात भात नसतो."

घरी आल्यावर बैठक झाली. दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने सुई. शिजवलेले चिकन आणि अंडी. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब. आणि हे सारे कदाचित जन्मभर. सौभाग्यवतींनी महिन्याचा खर्च मांडला आणि कागद उलटा करून ठेवला. मुलगी रडू लागली. मला खरे सांगायचे तर त्या क्षणी सुटकेचा विचार शिवून गेला. नऊ वर्षे म्हणजे मांजराला काही कमी नाहीत, असेही मी मनाशी म्हटले. मग काही तरी बोलायचे म्हणून मी मंडळींना इन्शुलिनचा इतिहास सांगू लागलो. अडचणीच्या वेळी इतिहास सांगणे हा आमच्या पेशाचा दोषच आहे.

१८८९ साली स्ट्रासबुर्गला दोघा संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कुठे आहे ते तेव्हा कळले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोला बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन वेगळे काढले. १९२२ च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले. पुढे कित्येक दशके हे औषध गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडांतून काढत. आता जिवाणूंकडून करवून घेतात. मी इथवर आलो तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे कुत्र्या-गायींचे जीव घेऊनच निघालं म्हणायचं हे औषध. मग एका मांजराला मिळालं तर काय बिघडलं?"

बैठक तिथे संपली.

आता सुई द्यायला शिकणे आले. माझ्या शेजारच्याच खोलीत सहा वर्षे रोज ही सुई टोचली जात होती, आणि ती धरायची कशी हे मला माहीत नव्हते. आईने मला एका मोसंबीवर शिकवले. पंतांच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तिचा तंबू करायचा, तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची, दट्ट्या दाबायचा, संपले. ती सुई इतकी बारीक असते की पंत ताटलीतून तोंडसुद्धा वर काढत नसत. पहिल्या दिवशी ती कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर निघाली आणि औषध केसांवर सांडले. मी पुन्हा भरायला निघालो तेव्हा आईने हात धरला. किती आत गेले आणि किती बाहेर, हे कळत नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचे नाही. एक वेळ साखर चढली तर चालते, उतरली तर चालत नाही. हेच वाक्य डॉक्टरीणबाईंनीही लिहून दिले होते, पण ते मी नीट वाचले नव्हते.

कानाचा थेंब हे त्याहून नाजूक काम. कान आधी हाताने चोळून गरम करायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि कडेच्या शिरेजवळ किंचित टोचायचे. यंत्र आईचेच होते. माणसाचे यंत्र मांजराच्या रक्तातली साखर असते त्यापेक्षा थोडी कमी दाखवते, एवढे ध्यानात ठेवायचे. पंत हे सारे का सहन करत? मला वाटते, त्यांच्या लेखी सुई हा चिकनचा एक अपरिहार्य मसाला असावा.

चिकनचे प्रकरण मात्र सोपे नव्हते. आमचे घर शाकाहारी. "माझ्या स्वयंपाकघरात नाही," एवढे आईने सांगितले, म्हणून मागच्या गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळे पातेले आले. दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर माझाच एक जुना विद्यार्थी उभा! "सर, तुम्ही?" त्याच्या चेहऱ्यावर जे पसरले त्याला भारतीय काव्यशास्त्रात अद्भुत रस म्हणतात. मी "बोक्यासाठी" म्हणालो, आणि त्याचा अजिबात विश्वास बसला नाही. "असू द्या सर," तो हळूच म्हणाला, "मसाला बांधून देऊ?" मसाला नको होता, कांदा-लसूण तर मांजराला विषच. श्रावण लागला तेव्हा मी आईची नजर चुकवत होतो, तर तीच देवापुढून उठून विचारी, "पंतांचं शिजलं का रे?"

आमच्या उन्हाळ्याबद्दल परभणीकराला सांगायला नको आणि इतरांचा विश्वास बसणार नाही. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला आणि वीज गेलेली, अशा दुपारी फ्रीज म्हणजे नुसते कपाट. इन्शुलिन गारव्यात ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. बर्फाच्या कप्प्यात गेलेली बाटली वाया जाते. आई आपली बाटली डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवी. तिथेच पंतांच्या बाटलीची सोय झाली. आम्ही लग्नांना जाणे सोडले. मुंबईला जायचे तर देवगिरी एक्स्प्रेस रात्रीचा प्रवास घडवते, आणि बारा तासांचा हिशेब काही बसत नाही. एका मावसभावाने अजून ते मनात धरले आहे. बोक्यामुळे आलो नाही, हे कारण त्याला थाप वाटते. खरे कारण इतके खोटे वाटावे, हा माझा दोष नव्हे.

आणि मग ती रात्र आली. ते श्रावणाचेच दिवस होते. तोवर पंतांचा डोस वेळेला दोन युनिटांवर स्थिरावला होता. पण घरात युनिट हा शब्द कुणी वापरत नसे. आम्ही 'दोन रेघा' म्हणत असू. पंतांना दोन रेघा दिल्या का? दिल्या. शब्द सोयीचा होता. त्या संध्याकाळी पंतांच्या सिरिंज संपल्या. पावसाची झड लागली होती, दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला. आईच्या सिरिंजचे पाकीट समोरच होते. सुई ती सुई, असे म्हणून मी त्यातली एक काढली, पंतांच्या बाटलीतून दोन रेघा भरल्या आणि दिल्या.

आईच्या सिरिंजचे टोपण तांबडे, पंतांच्या सिरिंजचे नारंगी. हा फरक शोभेचा नसतो. आईच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पंतांच्या बाटलीत १००, आणि प्रत्येक बाटलीच्या मापाने तिची तिची सिरिंज आखलेली असते. तांबड्या सिरिंजच्या दोन रेघा भरून पंतांच्या बाटलीतले औषध घेतले तर ते दोन युनिट होत नाही, पाच होते. अडीच पट. एकच शब्द संदर्भ बदलला की वेगळा अर्थ देतो, हे मी वीस वर्षे वर्गात शिकवत आलो आहे.

रात्री एक वाजता आईने हाक मारली. "अरे ऊठ. पंत बघ कसे करायलेत."

पंत पलंगाशी उभे होते. म्हणजे उभे राहू पाहत होते. पाय चौफेर फाकत होते, मान एका बाजूला झुकत होती, तोंडातून लाळ गळत होती. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला ओळखले नाही. अर्धांग झाले असावे असे मला वाटले. "साखर उतरलीय त्याची," आई म्हणाली. "ग्लुकोज आण." यंत्राने ३६ दाखवले. मी चमच्याने पाणी तोंडात ओतू लागलो तसे सौभाग्यवतींनी फ्रीजच्या दारावरचा डॉक्टरीणबाईंचा कागद मोठ्याने वाचला : ओतू नये, श्वासनलिकेत जाते, हिरड्यांना चोळावे. आईने बोटावर ग्लुकोज घेतले आणि ती पंतांच्या हिरड्यांना चोळत बसली. मी बाईंना फोन लावला. एवढ्या रात्रीही त्यांनी उचलला. चोळत राहा, शुद्धीवर आला की खायला द्या, सकाळपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने साखर पाहा, आणि उजाडताच घेऊन या.

पाऊण तासाने पंतांनी आईचे बोट चाटले. मग थोडे खाल्ले. सौभाग्यवती आणि मुलगी तिथेच आडव्या झाल्या. आई आणि मी जमिनीवर बसून राहिलो. बाहेर पाऊस चालू होता.

"तुला कसं कळलं?" मी विचारले.

"मला कितीदा झालंय," आई म्हणाली. "घाम फुटतो. हात कापतात. लांबून कुणी बोलवायलंय असं वाटतं, आणि आपलं नाव आठवत नाही."

"कधी?"

"रात्रीच. दोन-तीन वाजता."

"मग मला उठवलं का नाहीस?"

"तुला सकाळचा तास असतो." तिने पंतांच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि खडीसाखर असते की उशाला."

मी काही बोललो नाही. अर्धा तास झाला होता. पंतांचा कान चोळून गरम केला, थेंब घेतला. ८४. मी तो आकडा कागदावर लिहिला. त्याच कागदावर सहा महिन्यांचे आकडे होते, सकाळचे आणि संध्याकाळचे, एकही वार न चुकलेले. मी तो कागद बराच वेळ पाहत राहिलो. मग आईला म्हणालो, "तुझा हात दे." तिने आधी कशाला म्हणून विचारले, मग दिला.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सिरिंज पाहायला मागितली. मी दोन्ही नेल्या होत्या. त्यांनी तांबडी आणि नारंगी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक शब्दही न बोलता पंतांना तपासायला घेतले. चार लोकांत बोलून घेतले असते तर बरे वाटले असते. पंत दिवसभर तिथे राहिले आणि संध्याकाळी घरी आले. त्याच आठवड्यात मी आईला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बारा वर्षांत त्यांच्या खोलीत मी तिच्याबरोबर पहिल्यांदा आत गेलो. एरवी मी बाहेर गाडीवर बसून वर्तमानपत्र वाचत असे. रात्रीचे सगळे ऐकून त्यांनी तिचा संध्याकाळचा डोस कमी केला. "हे आधी का सांगितलं नाही, आजी?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "कुणी विचारलं नाही."

मुलीने फ्रीजच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले : तांबडी आजीची, नारंगी पंतांची. दोन्ही पाकिटे वेगवेगळ्या खणांत गेली. 'रेघ' हा शब्द घरातून हद्दपार झाला. आता वकीलसाहेबांच्या कानावरही युनिटच पडते. खडीसाखरेची पुडी गेली आणि तिथे झाकणाचा स्टीलचा डबा आला, मुंग्या न शिरणारा.

काही मांजरांच्या बाबतीत इन्शुलिन वेळेवर सुरू झाले आणि खाण्यातला पिठूळपणा गेला, तर थकलेले स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते. पंतांचे तसे झाले. त्या रात्रीनंतर डोस कमी करून ठरवला होता, तो पुढे एकावर आला, मग अर्ध्यावर, आणि दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी सुई बंद करून पाहायला सांगितले. तिला आता वर्ष होत आले. आजार परत येऊ शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा कान टोचतो, आणि गच्चीवरची शेगडी चालूच आहे. चाल बरीचशी सुधारली. जिना उतरताना मात्र अजून थोडे चुकते. "ह्याची बंद झाली," आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आता माझंही तुम्हीच बघा." त्यांनी हसून हात जोडले.

संध्याकाळी सात वाजता मी आईच्या खोलीत जातो. दार उघडेच असते. मी साखर पाहतो, आकडा लिहितो, तांबड्या टोपणाची सिरिंज भरून उजेडात धरतो आणि युनिट मोठ्याने वाचतो. आई मान हलवते. पंत माझ्या आधीच येऊन तिच्या पायाशी, पाठ आमच्याकडे करून, मान खाली घालून बसलेले असतात.

"तुझी नाही रे," आई त्यांना सांगते. "ही माझी आहे."